निशाणी २७ : अपघाताच्या दाव्याची चार वर्षं

मिरजेच्या ज्या दवाखान्यात मला नेलं, तिथल्या केसपेपरवर व्यवसायाच्या रकान्यात 'गृहिणी' असं लिहिलं होतं. मी तेव्हा वेदनेनं अर्धवट शुद्धीत होते. काउंटरवर नवऱ्याला विचारलं, त्यानं घाबरलेल्या अवस्थेत सांगितलं, लिहिणाऱ्यानं लिहिलं. त्या एका शब्दाशी मला पुढं चार वर्षं झगडावं लागेल हे त्या वेळी कुणाच्या मनातही आलं नसतं. अपघाताचा दावा लावायच्या विचारात असलेल्या प्रत्येकाला मी हे पहिल्यांदा सांगते, कारण मला ते कुणी सांगितलं नव्हतं: तुमच्या कामाबद्दल पहिल्या दोन दिवसांत कागदावर काय लिहिलं जातंय ते बघा.

मी तासगावची. बारावीनंतर शिवणक्लास केला, लग्नानंतर घरातच पायमशीन टाकली. ब्लाऊज, फॉल-पिको, मुलींचे पंजाबी ड्रेस. लग्नसराईत रोज सहा-सात ब्लाऊज निघायचे. फेब्रुवारी २०१९ मध्ये मी ३८ वर्षांची होते. सांगलीहून अस्तर आणि हुक घेऊन स्कूटीवरून परत येत होते. द्राक्षांचा हंगाम ऐन भरात होता, रस्त्यावर क्रेट भरलेल्या पिकअपची रांग. कवलापूरच्या पुढं समोरून एक पिकअप दुसऱ्याला ओलांडायला माझ्या बाजूला आली. मी स्कूटी डाव्या कडेला साइडपट्टीवर उतरवली होती, तरी तिनं मला गाठलंच. उजव्या पायाची नडगी घोट्याजवळ मोडली. प्लेट आणि आठ स्क्रू.

दवाखान्यात चौथ्या दिवशी एक गृहस्थ खाटेपाशी आले. फार आपुलकीनं बोलले. "ताई, एक रुपया द्यायचा नाही. मिळतील त्यातले तीस टक्के आमचे, बाकी तुमचे. इथं फक्त सही करा." हातात कोरं वकीलपत्र होतं. मी सही करणारच होते, कारण बिलाचा आकडा ऐकून आमच्या घरात कुणाला झोप नव्हती. सासूबाईंनी अडवलं. "न वाचता सही करायची न्हाई," एवढंच म्हणाल्या. त्या कधी शाळेत गेल्या नाहीत. नंतर कळलं की मिळणाऱ्या भरपाईत वकिलानं टक्केवारी ठरवणं बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही, आणि असे मध्यस्थ तर वकीलही नसतात. आम्ही पुढं ओळखीतून सांगलीच्या एक वकील मॅडम गाठल्या. ठरावीक फी, तीन टप्प्यांत, आणि प्रत्येक पैशाची पावती.

त्यांनी पहिल्या भेटीत कागद मागितले. फिर्याद, घटनास्थळाचा पंचनामा, जखमेचा दाखला, पिकअपचं आरसी आणि विम्याची पॉलिसी, ड्रायव्हरचं लायसन्स, माझं लायसन्स, डिस्चार्ज कार्ड, औषधांची बिलं. गाडीचा आणि विम्याचा तपशील पोलिसांकडून एए फॉर्मवर मिळतो, हेही त्यांनीच सांगितलं. बिलांपाशी मला पहिला धक्का बसला. आमचा खर्च झाला होता २ लाख १४ हजार. हातात बिलं होती १ लाख ८६ हजारांची. उरलेले २८ हजार म्हणजे पट्ट्या, इंजेक्शनं, मिरजेला जायच्या रिक्षा, शेवटच्या दिवशी घाईत भरलेले रोख पैसे. ज्याचा कागद नाही त्याचा खर्च कोर्टात झालेलाच नसतो. मी आता शेजारपाजारी कुणी ॲडमिट झालं की एक प्लॅस्टिकची पिशवी नेऊन देते आणि सांगते, चिठ्ठीसुद्धा टाकू नका, सगळं ह्यात.

पंचनाम्याचं मात्र मला आजही कौतुक आहे. ज्या हवालदारांनी तो केला त्यांनी ब्रेकच्या खुणा मोजल्या होत्या, त्या रस्त्याच्या मध्यापासून कुठं सुरू झाल्या ते लिहिलं होतं, स्कूटी डाव्या साइडपट्टीवर पडली होती हे लिहिलं होतं. आणि शेवटी एक ओळ होती: डिकीमध्ये अस्तराचे कापड, हुकांची पाकिटे व ब्लाऊज पीस ३ नग. मॅडमनी त्या ओळीखाली पेन्सिलनं रेघ मारली. म्हणाल्या, "केसपेपर म्हणतो तुम्ही गृहिणी. पंचनामा म्हणतो तुम्ही कामावर होतात."

इथं थोडं थांबून सांगते. गृहिणी असणं म्हणजे काही न करणं नव्हे, आणि सर्वोच्च न्यायालयानंही अनेकदा सांगितलंय की घरकामाचं मोल धरलंच पाहिजे. माझी तक्रार त्या शब्दाच्या मानापमानाची नव्हती. मी दोन कामं करत होते, कागदावर एकच होतं, आणि विमा कंपनीला तेवढंच पुरेसं होतं.

"उत्पन्नाचा पुरावा काय?" मॅडमनी विचारलं. माझ्याकडं काय असणार? पगारपत्रक नाही, दुकानाचं लायसन्स नाही, रिटर्न कधी भरला नाही. महिन्याला बारा-पंधरा हजार सुटायचे, लग्नसराईत जास्त, पण ते माझ्या तोंडचं. घरी येऊन रडले. मग नजर गेली मशीनच्या खणात. मापांची वही. लांबट, पुठ्ठ्याची. प्रत्येक पानावर गिऱ्हाइकाचं नाव, छाती, कंबर, बाही, गळा पुढचा-मागचा, तारीख, शिलाई, ॲडव्हान्स, बाकी. अशा सात वर्षांच्या चार वह्या. मी मॅडमसमोर ठेवल्या. त्यांनी तीन बाजूला काढल्या आणि अपघाताच्या आधीच्या चौदा महिन्यांची चौथी हातात धरून बराच वेळ चाळत बसल्या. "ताई, तुमचं पगारपत्रक हेच," असं म्हणाल्या तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की हा दावा माझा आहे.

दावा लावायला आम्हाला उशीर झाला. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचा महापूर आला, सांगली पाण्यात गेली, कितीतरी दिवस कुणाचंच कशात लक्ष नव्हतं. शेवटी जानेवारी २०२० मध्ये मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढं, मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली अर्ज दाखल झाला. त्या वेळी दाव्याला मुदत नव्हती म्हणून निभावलं. १ एप्रिल २०२२ पासून कायदा बदलला आहे आणि अपघातापासून सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो. त्या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलंय, पण त्या भरवशावर बसून राहू नका. अर्ज जिथं अपघात झाला तिथं किंवा तुम्ही जिथं राहता तिथंही करता येतो, त्यामुळे पुण्याच्या हायवेवर अपघात झाला म्हणून पुण्याला खेपा घालायची गरज नसते. नव्या नियमांत पोलिसांनी ४८ तासांत पहिला अपघात अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. त्याची प्रत मागून घ्या.

आणि एक गैरसमज. ड्रायव्हरवर जी फौजदारी केस झाली ती वेगळी, ती सरकारची. तिच्यातून मला काही मिळणार नव्हतं. पिकअपचा मालक दोनदा घरी येऊन गेला, "केस मागं घ्या, पन्नास हजार देतो" म्हणत. भरपाई द्यायची होती ती विमा कंपनीनं, त्याच्या खिशातून नाही, हे त्याला आम्हालाच समजावून सांगावं लागलं.

अर्ज दाखल झाला आणि दोन महिन्यांत लॉकडाऊन. २०२० पूर्ण तारखांत गेलं. चूक कुणाची हे न बघता कायमच्या अपंगत्वासाठी २५ हजार अंतरिम मिळायची तेव्हा तरतूद होती, ती रक्कम २०२१ च्या सुरुवातीला आली आणि बचत गटाच्या कर्जाचे हप्ते त्यातून भागले. (ती तरतूद आता राहिली नाही. कलम १६४ मध्ये दोष सिद्ध न करता गंभीर दुखापतीला अडीच लाख आणि मृत्यूला पाच लाख धरले आहेत.)

विमा कंपनीची कैफियत, म्हणजे दाव्याला दिलेलं लेखी उत्तर, आली तेव्हा ती वाचून मी दोन दिवस जेवले नाही. अर्जदार स्वतः निष्काळजीपणे चालवत होती. अर्जदार गृहिणी असून तिला उत्पन्न नाही. फिर्याद दोन दिवस उशिरा दिली, म्हणजे गाडीच खोटी गुंतवली आहे. ड्रायव्हरच्या लायसन्सवर मालवाहतुकीची नोंद नाही. मला वाटलं, ह्यांना माझ्याबद्दल इतका राग का? मॅडमनी समजावलं की ही कैफियत जवळपास प्रत्येक दाव्यात अशीच असते, नाव तेवढं बदलतं. लायसन्सच्या मुद्द्याला २०१७ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पुरेसा होता: हलक्या वाहनाचं लायसन्स असेल तर तेवढ्या वजनाची मालगाडी चालवायला वेगळी नोंद लागत नाही. उशिराचं उत्तर साधं होतं, दोन दिवस सगळं घर मिरजेला दवाखान्यात होतं. पण ही सगळी उत्तरं मनाला शांत करत नाहीत. आपण खोटं बोलतोय असं छापील कागदावर वाचायची तयारी ठेवा, एवढं मी सांगीन.

डिसेंबर २०२१ ला लोकअदालतीत प्रकरण ठेवलं. कंपनीनं चार लाख देऊ केले, एकरकमी, लगेच. नवरा म्हणाला घेऊया. त्याचंही चूक नव्हतं, सोन्याचं गंठण गहाण होतं. मी मॅडमना विचारलं, तुम्ही काय कराल? त्या म्हणाल्या, "मी सांगणार नाही. एवढं लक्षात ठेवा, लोकअदालतीत सही केली की अपील नाही." रात्रभर विचार केला. पाय अजून जिना उतरताना आडवा टाकावा लागत होता, मशीनवर अर्ध्या तासाच्या वर बसवत नव्हतं, आणि मला पुढची वीस वर्षं शिवायचं होतं. मी नाही म्हटलं. ज्यांना उद्याचं औषध आणायचंय त्यांनी हो म्हटलं तर मी त्यांना एका शब्दानं बोलणार नाही.

अपंगत्वाचा दाखला मी सिव्हिल हॉस्पिटलमधून काढला: उजव्या पायाचं कायमचं अपंगत्व ३० टक्के. मला वाटलं झालं, आता तीस टक्के. तसं नसतं. विमा कंपनी म्हणते, पायाचं तीस म्हणजे सगळ्या शरीराचं दहा. आणि कोर्ट तिसरीच गोष्ट विचारतं: ह्या पायामुळं हिची कमाई किती टक्के गेली? २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राजकुमार विरुद्ध अजयकुमार ह्या निकालात हे फोड करून सांगितलंय. डावा हात गेला तर ड्रायव्हरची किंवा सुताराची कमाई जवळजवळ पूर्णच जाते, आणि सरकारी कारकुनाची नोकरी मात्र राहू शकते. हात तोच. मॅडमनी मला तो परिच्छेद मराठीतून समजावून सांगितला तेव्हा मी म्हटलं, मग माझ्या बाबतीत कोर्टाला शिवणकाम माहीत पाहिजे. त्या म्हणाल्या, "ते तुम्हीच सांगायचं, साक्षीत."

माझी साक्ष २०२२ च्या जुलैत झाली. सांगलीच्या विजयनगरला कोर्टात पुकारा झाला तेव्हा हात थंड पडले होते. सरतपासणी, म्हणजे आपल्या बाजूनं सांगायची साक्ष, प्रतिज्ञापत्रावर असते, ती आधीच दिली होती. वही पुराव्यात दाखल झाली, तिच्यावर निशाणी २७ असा क्रमांक पडला. मग उलटतपासणी. कंपनीचे वकील वयस्कर, आवाज न चढवणारे. त्यांनी वही उघडली.

"ह्या वहीवर गिऱ्हाइकांच्या सह्या नाहीत."

"नाहीत."

"म्हणजे ही तुम्ही नंतरही लिहू शकता."

मला काय सुचलं कुणास ठाऊक. मी म्हटलं, "साहेब, मापं खोटी लिहून मला काय मिळणार? त्यातल्या कुणालाही बोलवा, ब्लाऊज बसतो का बघा." न्यायाधीशांनी मान वर केली आणि माझं उत्तर लिहून घेतलं. पण खरा प्रश्न पुढं होता.

"आजकाल मशीनला मोटर बसवतात. पाय मारावा लागत नाही. बरोबर?"

हे वाक्य सावकाश, अगदी सहज आलं. मी नुसतं 'बरोबर' म्हटलं असतं तर दावा अर्धा तिथंच गेला असता. मॅडमनी बजावलं होतं की प्रश्न पूर्ण ऐका, मग जेवढं खरं तेवढं पूर्ण बोला. मी म्हटलं, "मोटर बसवतात. पण मोटरीलाही पेडल असतं आणि ते उजव्या पायाखालीच असतं. घोट्यानं हळूहळू दाबलं तर टाका हळू पडतो. गळ्याची गोलाई, बाहीचा मुंढा शिवताना पाय एकेका टाक्याला सोडावा लागतो. माझा घोटा वाकतच नाही. मशीन एक तर बंद असते नाहीतर धावते. आणि कापड बेतायचं ते उभं राहून, टेबलावर." एवढं सलग मी आयुष्यात कुणासमोर बोलले नव्हते.

मागाहून डॉक्टरांची साक्ष. त्यांना समन्स गेलं, तारीख पडली, ते ऑपरेशनमध्ये, पुन्हा तारीख. ह्यात सात महिने गेले. डॉक्टर आले त्या दिवशी त्यांनी हाडाच्या कोनाचं काय सांगितलं ते मला कळलं नाही, पण "घोट्याची हालचाल पूर्ववत होण्याची शक्यता नाही" हे त्यांनी ठामपणे सांगितलं. डॉक्टर साक्षीला येत नसतील तर नुसत्या दाखल्याला वजन फार कमी राहतं. त्यांच्यामागं लागावंच लागतं, नम्रपणे पण न थकता.

तिसरी साक्ष आमच्या गल्लीतल्या काकींची. डिकीतले ते तीन ब्लाऊज पीस त्यांच्या मुलीच्या लग्नाचे होते. काकी साठीच्या, कोर्टाची पायरी कधी चढल्या नव्हत्या. कंपनीच्या वकिलांनी विचारलं, "तुम्ही हिच्या शेजारी, म्हणून खोटं सांगायला आलात?" काकी म्हणाल्या, "शेजारी हाय म्हणूनच तर मला ठावं. आठ वरसं माझं सगळं कापड हिनंच शिवलं. आता सांगलीला जावं लागतंय." त्यांना त्या दिवशी मळ्यातल्या कामाची मजुरी बुडवून यावं लागलं होतं. मी त्यांचं ऋण विसरणार नाही.

निकाल डिसेंबर २०२३ मध्ये लागला. हिशेब कसा करतात तो सांगते, कारण दावा लावण्याआधी मला हा कुणी मांडून दाखवला असता तर चार लाखांच्या रात्री मी एवढी तळमळले नसते. कोर्टानं माझं उत्पन्न महिना ९ हजार धरलं. पंधरा मागितले होते. वही नसती तर किती धरले असते ह्याचा विचार करवत नाही. चाळिशीच्या आतल्या स्वतःचा धंदा असलेल्या माणसाला पुढच्या वाढीपोटी ४० टक्के धरतात, हे २०१७ च्या प्रणय सेठी निकालामुळं. म्हणजे १२,६००. वर्षाचे १,५१,२००. ३६ ते ४० वयाला गुणक १५, म्हणजे वर्षाचं उत्पन्न पंधरानं गुणायचं, तो २००९ च्या सरला वर्मा निकालातला तक्ता. झाले २२,६८,०००. त्यात माझ्या कामाच्या दृष्टीनं नुकसान ३० टक्के धरलं: ६,८०,४००. कंपनीचं दहा टक्क्यांचं म्हणणं फेटाळताना निकालपत्रात मोटरीच्या पेडलचा उल्लेख आहे. मी ती ओळ कितीदा वाचली असेल.

बाकी औषधोपचाराचे १,८६,०००, सहा महिने काम बंद त्याचे ५४,०००, वेदनांपोटी ५०,०००, आयुष्यातल्या सुखसोयी गेल्या त्याचे ४०,०००, सोबतीला माणूस, खुराक आणि प्रवास ३०,०००, पुढं प्लेट काढायच्या ऑपरेशनला ३५,०००. एकूण १०,७५,४००, आणि अर्जाच्या तारखेपासून ७ टक्के व्याज. माझी चूक शून्य, कारण पंचनाम्यातल्या त्या ब्रेकच्या खुणा.

निकाल म्हणजे पैसे नव्हेत. कंपनीला अपिलाला ९० दिवस असतात. तेव्हा आमच्या भागाचं अपील मुंबईला जायचं. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, कोल्हापुरात बसतं, सांगलीकरांना तेवढं जवळ झालं. आमच्यात अपील झालं नाही. मार्च २०२४ मध्ये आधीचे २५ हजार वजा करून कंपनीनं रक्कम न्यायाधिकरणात भरली. अर्धी माझ्या खात्यावर आली, अर्धी कोर्टाच्या आदेशानं तीन वर्षांच्या मुदत ठेवीत. व्याजावर टीडीएस, म्हणजे आधीच वळता करायचा कर, कापला गेला. तेव्हा पॅन दिलेला असेल तर कमी कापायचे, आणि उत्पन्न करपात्र नसेल तर रिटर्न भरून तो परत मागता यायचा. मी आयुष्यातला पहिला रिटर्न त्यासाठी भरला. त्यात व्यवसाय विचारला होता, मी 'शिवणकाम' लिहायला सांगितलं.

गंठण सोडवलं. मोटरीच्या मशीनला डाव्या पायाचं पेडल करून घेतलं, सवय व्हायला पाच महिने गेले. अजूनही दिवसाला तीन ब्लाऊजच्या पुढं जात नाही. प्लेट पायातच आहे. थंडीत ठणकते. दिवाळीची कामं उरकली की काढायची असं दोन वर्षं चाललंय.

अपिलाची मुदत गेल्यावर मॅडमनी मूळ कागद परत मिळवायचा अर्ज केला, प्रमाणित प्रत मागं ठेवून वही परत मिळाली. पुठ्ठ्यावर लाल शाईत 'निशाणी २७', शिक्का, सही. चाळताना बघते तर मधल्या काळात कितीतरी गिऱ्हाइकांची मापं बदललेली, काहींची गावं बदललेली. शेवटच्या लिहिलेल्या पानावर काकींच्या मुलीचं माप आहे. तीन ब्लाऊज, ॲडव्हान्स २००. 'बाकी' ह्या रकान्यात काहीच लिहिलेलं नाही. कापड त्या दिवशी रस्त्यावरच खराब झालं होतं, तिनं लग्नात दुसरीकडून शिवून घेतलं. मागच्या श्रावणात ती माहेरी आली तेव्हा दोन वर्षांच्या लेकीला घेऊन आली होती, परकर-पोलकं शिवायला. मी त्याच वहीत, तिच्या मापाखाली, लेकीचं माप लिहिलं.